मामांचा डावा पाय

एकवीस वर्षांची होते तेव्हा मी भयंकर शहाणी होते. बीरशेव्याला आरोग्यशिक्षणाचा कोर्स करत होते. हिब्रू अशी फाडफाड बोलायचे, की शिकवणाऱ्या बाई विचारायच्या, तुझा जन्म इथलाच का गं? आणि मी हो म्हणायचे. सरळ हो. जन्म माझा मुंबईचा, नागपाड्याजवळचा. आठव्या वर्षी लोदच्या विमानतळावर उतरले तेव्हा मला पाणीसुद्धा मराठीतच मागता येत होतं. पण ते कशाला कुणाला सांगा?

कोर्सच्या शेवटी दोन महिने एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष काम करावं लागे. बाकीच्या मुलींना हैफा मिळालं, तेल अवीव मिळालं. मला येरुहाम. म्हणजे माझंच गाव! तुझी भाषा तिथे कामाला येईल, म्हणाले. मी संडासात जाऊन रडले. ज्या धुळीतून बाहेर पडायला जीव काढला तिथेच परत जायचं, आईच्या हातचं कालवण खात आणि आईची बोलणी ऐकत. आईला मात्र कोण आनंद! आपल्या माणसांतलं कोणीतरी आत, ऑफिसात गेलं एकदाचं, असं जिन्यात उभी राहून येईल त्याला सांगत सुटली.

कारखाना ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा. आता तो नाही, बंद पडून जमाना झाला. एकोणीसशे सत्तरीच्या मधल्या वर्षांत तिथल्या साहेबलोकांच्या डोक्यात आलं, की कामगार निरोगी असला तर खाडे कमी होतात. म्हणून मग आठवड्याला एक लेक्चर, रोज दहाच्या सुट्टीत पाच मिनिटं कवायत, आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीचं एक कार्ड. कार्ड भरायचं काम माझं. दवाखान्याच्या खोलीत एक नर्सबाई होती, रुमानियाची, पन्नाशीची, तोंडावर कधी हसू नाही. तिच्या हाताखाली मी.

पहिल्याच दिवशी तिनं मला दार लावायला सांगितलं आणि म्हणाली, "ही कार्डं माझ्या कपाटात राहत नाहीत. वर मॅनेजरकडे जातात. कामगारांना हे सांगायचं नाही असा हुकूम आहे. मी तुला सांगते आहे, कारण लिहिणार तू आहेस."

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. पुष्कळदा म्हणून बघितलंय.

कवायतीचं सांगते. प्रेसच्या हॉलमध्ये मशिनं बंद व्हायची आणि मी लाकडी खोक्यावर उभी राहून शिट्टी वाजवायची. हात वर, हात खाली, कमरेतून डावीकडे. आमची माणसं, मराठी ज्यू, कुलाबा जिल्ह्यातल्या खेड्यांतून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेली, पन्नाशी उलटलेली, तेलकट कपड्यांत हात वर करून उभी. त्यांना लाज वाटायची. फोरमनला मजा वाटायची. धिप्पाड माणूस तो, मोरोक्कोचा. मागे उभा राहून ओरडायचा, "इंडियन वर! इंडियन खाली!" आणि मी? मी त्याच्याकडे बघून हसायचे. त्यानं मला त्या इंडियनांत धरलं नाही, ह्याचं मला केवढं समाधान होतं.

कार्डाची गंमत अशी, की नर्सबाईला कोणी काही सांगत नसे. काही त्रास? बेसेदेर. झोप? बेसेदेर. पाठ? बेसेदेर. सगळं ठीक, सगळं उत्तम. एक जण तर खोकत खोकत बेसेदेर म्हणाला होता. मी बसल्यावर मात्र नळ सोडावा तसं झालं. मी मराठीत विचारलं ना! पॅकिंगमधल्या बायका तर माझ्या समोरच्या स्टुलावर बसायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. कुणाला मूळव्याध, कुणाचं अंगावरून जातंय, कुणाला नवऱ्यानं मारलेलं. "कुणाला सांगायची सोय नाय गो," म्हणायच्या, "तू आपली म्हणून." मी मान हलवायची आणि खाली हिब्रूत लिहीत जायची. नर्सबाईनं मागून येऊन एकदा वाचलं आणि पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दिवसभर तरंगत होते.

आता मामांचं.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या गावचे. आईच्या माहेरचं घर आणि त्यांचं घर ह्यांच्यामध्ये एक विहीर, एवढंच नातं, पण आमच्यात ते पुरतं. आम्ही नवे नवे आलो, बाबा आजारी पडले, तेव्हा महिनाभर आमच्या घरचं पाणी, बाजार, दवाखाना सगळं मामांनी केलं. मला शाळेत त्यांनीच पोचवलं पहिल्या दिवशी. मुंबईत ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. इथे भट्टीवर. ॲल्युमिनियमच्या चकत्या भट्टीत तापवून नरम करायच्या आणि लांब चिमट्यानं प्रेसवाल्याला द्यायच्या. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे काय ते मी सांगत नाही, येरुहामचा उन्हाळा भट्टीबाहेरसुद्धा पुष्कळ असतो.

मामांना एकच ध्यास होता. क्विउत. म्हणजे परमनंट होणं. परमनंट माणसाला सहजी काढता येत नाही, टेंपररीला कधीही. कारखान्याची रीत अशी, की वर्ष भरत आलं की टेंपररी माणसाला घरी बसवायचं, थोड्या दिवसांनी परत बोलवायचं आणि पहिल्यापासून सुरू. मामांचं असं किती वेळा झालं होतं कुणास ठाऊक. मुंबईत वर्कशॉपचा परमनंट माणूस, छातीवर बिल्ला लावून फिरलेला, आणि इथे दर वर्षी नवा उमेदवार. मामीनं नवस बोलला होता, हे परमनंट झाले की एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन. एलियाहू हन्नाबी आमचा नवसाला पावणारा पैगंबर, पण तो नवस पडून होता. त्या वर्षी मात्र युनियनच्या दट्ट्यानं यादी निघणार होती. सहा नावं. मामांचं त्यात होतं, फोरमननं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं.

मामा माझ्याकडे कार्डाला आले ते सगळ्यात शेवटी. स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"विचार बाई, काय विचारतेस ते."

मी विचारलं. ते पण बेसेदेर, बेसेदेर करायला लागले, माझ्याशी! मला राग आला. म्हटलं, "मामा, मी काय ती नर्सबाई आहे? माझ्याशी पण खोटं बोलणार?"

ते दाराकडे बघत राहिले थोडा वेळ. मग वाकून डावा बूट काढला, मोजा काढला, आणि पाय वर करून मला तळवा दाखवला. टाचेच्या पुढे रुपयाएवढी जखम. काळी कड, आत ओलं.

"चकतीचा तुकडा उडून बुटात गेला," म्हणाले. "गरम. मला कळलाच नाय गो. वास आला. मी बाजूच्याला विचारतो, कोण काय जाळतोय? माझाच पाय जळत होता."

"दुखलं नाही?"

"तेच तर. दुखत नाय. दोन्ही पाय गुडघ्याच्या खाली मेल्यासारखे. लघवीला दहा वेळा जातो. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं होतं साखर हाय म्हणून. इथे कुणाला बोललो नाय. एक ह्या महिन्याचं निभलं की झालं, मग परमनंट. मग दाखवतो डॉक्टरला. तू शिकलेली, तू सांग, काय लावू ह्याला? मामीला पण दाखवला नाय मी."

मी म्हटलं, स्वच्छ धुवा, कोरडा ठेवा, पट्टी बांधा. वहीत होतं तेवढं बोलले.

"हे घरातलं हं," मोजा चढवताना म्हणाले. "घरात ठेव."

"हो मामा," मी म्हटलं.

ते गेले आणि मी कार्ड लिहायला घेतलं. इथे मी खोटं सांगणार नाही. माझा हात अडला नाही. मी विचार केला असेल, चार वेळा उठून खिडकीपाशी गेले असेन, असं नाही. मला आनंद झाला होता. मधुमेह, पायांची संवेदना गेलेली, न कळलेली भाजल्याची जखम, भट्टीवर काम. पुस्तकातलं अख्खं पान चालत येऊन माझ्या स्टुलावर बसलं होतं. मी सगळं लिहिलं, खाली सही केली, आणि नर्सबाईला नेऊन दिलं.

तिनं वाचलं. चष्मा काढला. "ह्या माणसाला तिथे उभं करता कामा नये," म्हणाली. "हा एक दिवस भाजून मरेल."

"मग त्यांना पॅकिंगला टाकतील?"

"टाकता येईल. टाकतील की नाही ते मला माहीत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू काम चांगलं केलंस."

बाकीचं सगळं मी तेवढ्यावर सोडून दिलं. चांगलं केलंस म्हणाली ना, मग झालं.

इतक्यावर थांबले असते तरी एक वेळ. पण माझ्या परीक्षेचं लेक्चर त्याच आठवड्यात होतं. कॉलेजातून बाई बघायला येणार होत्या. विषय मीच निवडला, पायांची काळजी. पुठ्ठ्यावर हा एवढा मोठा तळवा काढला, टाचेच्या पुढे लाल रंगाचा डाग. हुबेहूब काढला होता. सगळे जेवणाच्या हॉलमध्ये जमले, फोरमन, ऑफिसमधली माणसं, मागे भिंतीला टेकून मॅनेजर. मामा पहिल्या बाकावर. अंघोळ करून, केस विंचरून आलेले. भाची बोलणार म्हणून!

मी हिब्रूत सांगितलं. आपल्यातलाच एक कामगार, म्हटलं, नाव घेणार नाही, भट्टीवर काम करतो. त्याच्या बुटात तापलेला तुकडा गेला आणि त्याला कळलं ते वासावरून. तो शेजाऱ्याला विचारतो, कोण काय जाळतंय? हे मी जरा नाटक करून सांगितलं, नाकपुड्या फुगवून. हशा झाला. फोरमन सगळ्यात मोठ्यानं हसला. मग एकदम थांबला आणि मामांच्या बुटाकडे बघायला लागला. भट्टीवर माणसं तीन. त्यांतला एक अठरा वर्षांचा, एक बुल्गेरियाचा, त्याला आदल्या दिवशीच मी अनवाणी नाचताना पाहिलं होतं कुणाच्या तरी लग्नात. उरलं कोण? नाव घेतलं नाही म्हणे मी!

मामांची हिब्रू म्हणजे बाजारापुरती. मी काय बोलले त्यातला पाय हा शब्द त्यांना कळला असेल आणि भट्टी. लोक हसले तेव्हा तेही हसले, जरा उशिरानं, मागे वळून बघत. मी संपवल्यावर सगळ्यात आधी टाळ्या त्यांनी वाजवल्या. आमच्यातली तरुण पोरं, माझ्या बरोबरीची, हिब्रूत वाढलेली, त्यांना सगळं समजलं होतं. ती जमिनीकडे बघत बसली होती. एकानं जाताना मला हिब्रूत विचारलं, तुला झोप येते का गं? मी म्हटलं, आकस आहे तुझ्या पोटात.

मामा जवळ आले. "काय बोललीस गो! आपल्या गावात असं कोणी नाय बोललं आजपर्यंत." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पण बाई परीक्षेचा कागद घेऊन उभ्या होत्या, मी त्यांच्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मामांना कारखान्याच्या गाडीतून बीरशेव्याला डॉक्टरकडे नेलं. गाडीतून! मामा परत आले ते हवेतच. सगळ्या जिन्याला गोळा करून सांगितलं, रक्त काढलं, पाय बघितले, छातीला नळी लावली. मामी घाबरली तर तिच्यावरच खेकसले. "अगो वेडे, टेंपररी माणसाला कोण तपासतो? लग्न करायचं असलं तरच मुलीला बघायला येतात ना? मला परमनंट करायचा म्हणून तपासला. मुंबईला पण असंच केला होता, आठवत नाय?"

मुंबईला खरंच तसंच होतं. वर्कशॉपमध्ये परमनंट करताना डॉक्टरकडे पाठवत, आणि पास झाला की वाडीत पेढे. आमच्या त्या पिढीतल्या माणसांना इथे येऊन दहा-पंधरा वर्षं झाली तरी कुठल्याही कागदाचा, शिक्क्याचा, बोलावण्याचा अर्थ मुंबईच्या हिशेबानंच लागायचा. मामांना कुणी दोष देऊ नये. ती तपासणी कशासाठी ते मला ठाऊक होतं.

बुधवारी नर्सबाईनं मला सांगितलं, यादी झाली. मामांचं नाव कापलं. पॅकिंगमध्ये जागा नाही म्हणाले. भट्टीवरूनही काढणार, रविवारी, इथला आठवडा सुरू होतो त्या दिवशी, पत्र देतील.

बुधवारीच संध्याकाळी मामी आमच्याकडे आली. मलिदा उद्याच करते म्हणाली, गुरुवारी. माझी आई तोंडाची फटकळ असली तरी अशा बाबतीत सावध. "कागद आला का हातात? नवस काम झाल्यावर फेडायचा. आधी फेडलास तर त्याला काय अर्थ?"

"कागद काय, येईल रविवारी. बोलावलंय ऑफिसात," मामी म्हणाली. मग दोघी माझ्याकडे वळल्या. मी टेबलापाशी रिपोर्ट लिहीत बसले होते.

"काय गो, तू तर आतली," मामी म्हणाली. "झालं ना ह्यांचं? तू सांग, म्हणजे मी पोहे भिजवते."

एवढंच काय ते माझ्या हातात होतं. नाही मामी, करू नका. चार शब्द. पण मग तिनं विचारलं असतं, का? आणि का ह्याचं उत्तर मी होते. आईसमोर.

"होईल मामी," मी म्हटलं.

"होईल की झालं?"

"झालं म्हणा."

तिनं माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली आणि पळतच गेली.

गुरुवारी दिवस मावळायला त्यांच्या दोन खोल्यांत चाळीसेक माणसं. परातीत मलिदा, भिजवलेले पोहे, त्यात नारळ, साखर, वेलची, बेदाणे, वर फळं मांडलेली, सब्जाची काडी. नारळ मामीनं कुठून मिळवला देव जाणे, येरुहामात नारळ! मामा डोक्यावर पांढरी टोपी घालून मध्ये बसले. एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं, बेराखा, म्हणजे फळांवरच्या प्रार्थना, झाल्या, आणि मग मामांनी पहिली मूठ मला दिली. मोठी माणसं बसली असताना. "हिच्यामुळे झालं," म्हणाले. "हिनं माझं नाव आत नेलं."

मी खाल्लं. सगळे बघत होते. मग मामांनी आपल्या ताटलीत घेतलं. एकदा, दोनदा. साखरेचा माणूस तो! मी आरोग्यशिक्षिका, पुठ्ठे रंगवून लोकांना साखर खाऊ नका म्हणून सांगत फिरणारी, त्यांच्या शेजारी बसून बघत होते. म्हटलं असतं, मामा पुरे, तर ते कुणाला कळलं असतं? तेही म्हटलं नाही. त्या दिवशी त्यांना अडवायला मला तोंड नव्हतं.

रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे. हातात लिफाफा, उघडलेला. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लोदला, घरात हिब्रू वाचणारं कोणी नाही, म्हणून माझ्याकडे.

"वाच," म्हणाले. "फोरमन काय बोलला मला कळलं नाय. हात मिळवला नाय त्यानं."

मी वाचलं. प्रकृतीच्या कारणास्तव काम देता येत नाही. आजपासून येऊ नये. खाली कारण दिलं होतं, आरोग्यशिक्षिकेनं कार्डावर केलेली नोंद, तिची तारीख. मी हे मराठीत सांगितलं, शेवटचं सोडून. मामा उभेच. मग बोट ठेवून म्हणाले, "ह्या इथे काय लिहिलंय? हे सांगितलं नाहीस."

"कुणीतरी कळवलंय, असं लिहिलंय."

"कोणी? मी तर कुणालाच..." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मनात आलं, आता संपलं. पण त्यांच्या नजरेत तसं काही नव्हतं. ते खरंच विचार करत होते, कोण असेल. माझ्यापर्यंत ते पोचतच नव्हते.

"नर्सबाईनं," मी म्हटलं. "तिनं मागून बघितलं असेल."

पुढे ते जेवढी वर्षं जगले, त्यांनी त्या बाईला शिव्या घातल्या. मधल्या काळात तो पाय घोट्याच्या वर कापला. मी भेटायला गेले इस्पितळात, तर तिथेही तेच. मला चांगले मार्क मिळाले होते, पुढे नोकरीही त्यावरच लागली. रिपोर्टात लिहिलं होतं, विद्यार्थिनीनं कामगारांचा पूर्ण विश्वास मिळवला आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यातलं एक राहिलंय, ते सांगितल्याशिवाय सुटका नाही.

सोमवारी सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून परत आमच्या दारात. म्हणाले, "चल माझ्याबरोबर. त्या नर्सबाईला भेटतो. बाई माणूस आहे, पाया पडतो तिच्या. म्हणतो, कागद मागे घे, झाडू मारायला ठेव. तू फक्त तिला समजावून सांग, माझी भाषा तिला नाय कळत."

नाही कसं म्हणणार? आई पाठीमागे उभी होती. "जा," म्हणाली, "एवढं तरी कर."

दवाखान्याची खोली वरच्या मजल्यावर. नर्सबाई टेबलामागे. मामा बसले नाहीत. हात जोडून बोलायला लागले, थांबून थांबून, मला वेळ देत. वर्कशॉपमध्ये एक दिवस उशीर नाही केला. भट्टीवर एक चकती फुकट घालवली नाही. पाय बरा होईल. झाडू मारीन. मी एकेक वाक्य हिब्रूत सांगत गेले, माझाच आवाज मला ऐकू येत होता, लेक्चर द्यायचे तसा स्वच्छ.

नर्सबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "ह्यांना वाटतंय हे मी लिहिलं."

मी मामांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले.

"सांग त्यांना. सही कुणाची आहे ते सांग."

"काय म्हणते?" मामा म्हणाले.

"म्हणते, तिच्या हातात काही नाही."

मामांचे जोडलेले हात खाली आले. चेहरा लाल झाला. मी त्यांना कधी कुणाला वाईट बोलताना ऐकलं नव्हतं. ते टेबलावर वाकले आणि तिच्या तोंडासमोर बोट नेऊन म्हणाले, "ज्या हातानं हे लिहिलं ना, तो हात झडेल. किडे पडतील त्या हाताला. माझ्या पोटावर पाय दिला. सांग तिला. शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. का ते मला आजही कळत नाही, पण ह्या वेळी मी काही बदललं नाही, काही गाळलं नाही. शब्द न् शब्द.

नर्सबाईनं ऐकलं. मग तिची नजर माझ्या उजव्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. "बरं," म्हणाली. "कळलं मला. आता ह्यांना घरी ने."

बाहेर जिन्यापाशी आल्यावर मामा थांबले. खाली बघितलं. लोखंडी जिना, मधे फटी, पायाला पायरी जाणवत नव्हती त्यांच्या. राग ओसरला होता, एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

"तू होतीस म्हणून बरं गो," म्हणाले. "नायतर आमचं कोण होतं इथे बोलायला?" आणि त्यांनी माझा उजवा हात धरला, घट्ट, दोन्ही हातांनी. एकेका पायरीवर पाऊल पुढे सोडून विचारत होते, टेकला का? मी बघून सांगत होते, हो मामा, टेकला.